तात्यांच्या खुंटीवरचा पंचा

तात्या गेल्याची चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरनं आणून दिली. नगरला मी ज्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते तिथे, भर तासाला. आमच्या गावची सकाळची गाडी नेवाशाकडून येते. तिचा कंडक्टर कुणाचा डबा, कुणाची औषधं, कुणाचे निरोप असा निम्म्या गावाचा संसार टपावर आणि खिशात घालून आणतो. त्याच खिशातून हा कागद निघाला. माझ्या धाकट्या भावाचं, दत्तूचं अक्षर. "अक्का, तात्या पहाटे गेले. दुपारपर्यंत ये. पावडर न टाकलेलं पाणी मिळालं तर कळशीभर घेऊन ये." एवढंच. मी कागदाची घडी घालून पुस्तकात ठेवली आणि उरलेला तास पुरा केला. रडू आलं नाही, खोटं कशाला सांगू? आला तो राग. आणि पाणीही मी नेलं नाही. माझ्या घरमालकिणीच्या आडाला या दुष्काळातसुद्धा गोडं पाणी आहे, मागितलं असतं तर त्या माउलीनं नाही म्हटलं नसतं. मी मागितलंच नाही. रिकाम्या हातानं गाडीत बसले. टँकरच्या पाण्यानं तात्यांना शेवटची अंघोळ घातली, त्या पाण्याला पावडरीचा भपकारा येत होता. दत्तूनं माझ्या रिकाम्या हातांकडे एकदाच बघितलं आणि मान फिरवली.

त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. मी माझ्या परीनं बोलेन. पण तात्यांनी मला फसवलं, हे आधी लिहून टाकल्याशिवाय माझी लेखणी पुढे सरकायची नाही...

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. वडील आम्हाला फार लवकर सोडून गेले, तेव्हापासून आई, मी आणि दत्तू, आमचं छप्पर म्हणजे तात्याच. त्यांनी लग्न केलं नाही. पहिल्या महायुद्धात खडकीहून खंदक खणणारी एक पलटण बोटीत घालून फ्रान्सच्या बाजूला नेली होती, तिच्यात आमच्या गावचे दोघं होते. एक तात्या आणि दुसरा त्यांचा जिवाचा मित्र किसन. तात्या परत आले, किसन आला नाही. किसनची बायको, आमची गंगूआजी, तेव्हा सोळा वर्षांची होती. तिनं सासऱ्याच्या घराचा उंबरा सोडला नाही. आमच्यापासून तिसरं घर तिचं. तात्यांनी तिला येऊन सांगितलं की किसन छातीवर गोळी झेलून पडला, जागच्या जागी गेला, हूं का चूं केलं नाही. तेच गावानं पुढे पन्नास वर्षं सांगितलं. शाळेतला प्रत्येक मास्तर सव्वीस जानेवारीला तेच सांगायचा. आम्ही लहानपणी लढाई-लढाई खेळायचो तेव्हा किसन कुणी व्हायचं यावरून भांडणं व्हायची.

आणि तात्या? तात्यांना गाव जरा हसायचं. त्यांना खोकला होता, तो कधीच गेला नाही. चूल पेटली की घरात थांबायचे नाहीत, पाचट जाळायला लागले की वावरातून उठून निघायचे. पटकीच्या साथीत आरोग्य खात्याचा माणूस विहिरीत पांढरी पावडर टाकायला आला की तात्या घोंगडी खांद्यावर टाकून थेट शेजारच्या गावी. तीन-तीन दिवस यायचे नाहीत. "तात्याला पावडरीचं भ्या वाटतं, लढाईचं न्हाई वाटलं!" म्हणून पारावर हशा व्हायचा. ओसरीवर त्यांच्या खाटेच्या डोक्याशी एक लाकडी खुंटी आहे. तिच्यावर एक पंचा असायचा, आणि तो ओला असायचा. रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं भिजवून, पिळून, टांगायचे. उन्हाळा असो, थंडी असो. आई म्हणायची, म्हाताऱ्याला गारवा लागतो. अजून एक म्हणजे ते फेटा बांधून घेत नसत. आमच्याकडे फेट्याशिवाय सत्कार नाही, लग्न नाही, सोयरीक नाही. पण तात्यांच्या डोक्याला कुणी फेटा लावायला गेलं की ते हात आडवा धरायचे, "नारळ द्या, बास." माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात यावरून व्याही रुसले होते. तात्या ढिम्म हलले नाहीत.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना आम्हाला एक इंग्रजी कविता होती. एका शिपायानंच लिहिलेली. शिपाई खंदकात बसून गवताच्या पात्यांकडे बघतायत, वारा कुठून कुठे वाहतोय ते बघतायत, कारण वारा फिरला की समोरून विषारी वायू येणार. तो येतो. आणि शेवटी कवी विचारतो की ज्यानं नळकांड्याची चावी फिरवली त्याच्याही शेतात असंच गवत असेल, ते कुठल्या बाजूला वाकलं असेल? आमच्या प्राध्यापकांनी या कवितेवर चार पानं नोट्स उतरवून दिल्या. हिरवा रंग हे निसर्गाचं प्रतीक, पिवळा हे ऱ्हासाचं, वारा म्हणजे नियती. आम्ही मुकाट उतरवून घेतलं. पोपटाला काय, राम शिकवला तर राम.

दिवाळीच्या सुट्टीत मी ओसरीवर बसून ती कविता पाठ करत होते. दुपारची वेळ. तात्या खाटेवर.

"काय बडबडतीस गं मघाधरनं?"

"कविता आहे तात्या. लढाईतली. गॅसची."

ते उठून बसले. "मराठीत सांग."

मी ओळीओळीनं सांगत गेले. गवत, वारा. ते मान हलवत होते, जणू ओळखीच्या रस्त्यानं कुणी घेऊन चाललंय. मग मी म्हटलं, "आणि मग पिवळट हिरवं धुकं येतं..."

"धुकं न्हवं ते."

"असं लिहिलंय तात्या."

"लिहू दे. धुकं उनं आली की वर जातं, पांगतं. हे खाली बसतं. खड्डा हुडकतं. पान्यावानी उतरतं खड्ड्यात. आन् आमी खंदकात, म्हंजी आमीच खड्ड्यात." मग म्हणाले, "वास ठाव हाय का तुला? हिरीत पावडर टाकत्यात ना, त्योच. पर लई. लई म्हंजी लई."

मी वही मिटली. इतकी वर्षं मी पण हसत आले होते ना त्या पावडरीच्या भीतीला! मला लाज वाटली. बाई गं, चार पानं नोट्स, आणि माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, ही सबंध कविता विहिरीपासून पळत होती आणि मी तिला म्हातारचळ म्हणत होते.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा ते पिवळं समोरून सरपटत आलं तेव्हा काय करायचं कुणाला माहीत नव्हतं. हवालदार ओरडला, फेटे सोडा, भिजवा, नाकातोंडाला गच्च धरा. सकाळपासून खणून खणून पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या. मग तो ओरडला, मुता त्याच्यावर, पण भिजवा!

"मी मुतलो," तात्या म्हणाले. "किसन्या न्हाई."

"का?"

"म्हनला, डोईवरचं कापड हाय हे. बापानं बांधाया शिकवलंय. याच्यावर मुतू व्हय? ...हसला, पोरी. मला म्हनला, तू घान हाईस. मी म्हनलं, किसन्या भिजव, भिजव रं. त्यानं कोरडाच फेटा नाकाला लावला. मी भिजवून दिला असता माजा, पर..." इथे त्यांना खोकल्याची उबळ आली. बराच वेळ. "माजा मलाच लागत हुता."

"मग छातीवरची गोळी?"

"कसली गोळी. दुपारपतूर जिता हुता. मासा बघितलाय का, काठावर टाकल्याला? तसा."

तेव्हा मला तो पंचा कळला. तेव्हा मला फेटा कळला. आणि खरं सांगते, तेव्हाच मला ती कविता कळली. सुट्टीनंतर मी ट्यूटोरियलला लिहिलं की पिवळा-हिरवा रंग कशाचंही प्रतीक नाही, तो त्या वायूचा रंग आहे, आणि तो खाली बसतो. प्राध्यापकांनी लाल शाईत शेरा मारला, 'अवांतर.'

आता दत्तूचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. दत्तू तेव्हा अठरा वर्षांचा. मॅट्रिक होऊन वर्ष झालेलं. मी नगरहून मास्तरकीच्या कॉलेजचा फॉर्म आणून, भरून, नुसती सही करायला त्याच्या हातात दिला होता. तो म्हणत होता भरतीला जातो. मी त्याला कविता वाचून दाखवली, अर्थ सांगितला. तो हसला. "अक्का, तुझं सगळं पुस्तकातलं. तात्या जाऊन आलेत. तात्या म्हनतील ते मी करीन. जा म्हनले तर जाईन, नको म्हनले तर तुझा फॉर्म." किसनचं खरं मी त्याला सांगू शकत नव्हते. तात्यांनी मला बजावलं होतं, "किसन्याचं तोंडातनं काढू नकं. गंगीच्या कानावर जाईल." मग मी तात्यांनाच धरलं. म्हटलं, निदान गॅसचं तरी त्याला सांगा. सव्वीस जानेवारीला शाळेत तुम्हाला बोलायला लावणार आहेत, गावातली आठ-दहा पोरं भरतीच्या गोष्टी करतायत, सगळ्यांनाच सांगा. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "सांगतो. माज्यावानी एक बास झाला घरात."

"शब्द?"

"शब्द."

मी निवांत झाले. तात्यांचा शब्द म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणी विचारत नसे.

सव्वीस जानेवारी. शाळेचं पटांगण, चुन्याच्या रेघा, पताका. हेडमास्तरांनी त्या वर्षी नवीन टूम काढली होती, गंगूआजीचाही सत्कार. तिला पहिल्या रांगेत खुर्ची. जन्मात कधी खुर्चीवर न बसलेली बाई, ती खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. तिच्या शेजारी मी. हेडमास्तरांनी किसनच्या छातीवरची गोळी अशी काही रंगवून सांगितली की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गंगूआजीला लुगडं-चोळी, नारळ. मग तात्यांचं नाव पुकारलं. सरपंच फेटा घेऊन पुढे झाले आणि सवयीनं थबकले, तात्या हात आडवा धरणार म्हणून. तात्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. आणि मान खाली घातली. माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या डोक्यावर फेटा चढला. लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की काही विचारू नका.

"लढाई म्हंजी काय," तात्या बोलायला लागले, "मर्दाची जत्रा. मी बगितली. भ्यायचं काय कारन न्हाई. किसन्या माज्या शेजारी हुता. छातीवर गोळी घेतली, हसत गेला. असं मरान कुनाला मिळतं? जावा पोरांनो. जावा."

एवढंच. दोन मिनिटंसुद्धा नाही. खोकलासुद्धा आला नाही. दत्तू पोरांच्या घोळक्यात उभा होता, त्यानं तिथून माझ्याकडे बघितलं. डोळे चमकत होते त्याचे. 'बघ अक्का, सांगितलं नव्हतं?' असं ते बघणं. मी उठून उभी राहायला हवी होती. ओरडायला हवं होतं की हे खोटं आहे, यांनी मला दिवाळीत वेगळं सांगितलंय. पण गंगूआजीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी बसून राहिले. हे मी इथे लिहिते, कारण तात्यांचा हिशेब मांडायचा तर माझाही मांडला पाहिजे.

घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले. फेटा त्यांनी केव्हाच उतरवून कोपऱ्यात टाकला होता.

"तुम्ही शब्द दिला होता."

"ती समोर बसली हुती गं," तात्या म्हणाले.

"आणि दत्तू? तो नव्हता समोर?"

ते पंचा भिजवायला उठले. पुढच्या महिन्यात दत्तू गेला, आणि नेमका खणणाऱ्या पलटणीतच. फॉर्म माझ्या पेटीत अजून आहे, सही नसलेला. त्या दिवसापासून मी तात्यांशी बोलणं सोडलं. घरी गेले की जेवायला वाढायची, पाणी द्यायची, शब्द नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? परक्यानं फसवलं तर माणूस चार ठिकाणी बोलून मोकळं होतं. बापाच्या जागी असलेल्या माणसानं फसवलं की ते ज्वारीच्या कुसासारखं आत सलत राहतं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली. चौदा दिवस आई देवासमोरून उठली नाही. लढाई थांबल्याचं रेडिओवर ऐकलं आणि आम्ही साखर वाटली. दत्तूचा पाय गेला तो त्यानंतर. पश्चिमेच्या सरहद्दीवर, शेतांमध्ये पुरलेले सुरुंग काढताना. लढाई संपल्यावर, आम्ही साखर खाल्ल्यावर. डावा पाय, गुडघ्याच्या खाली. पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस न पडलेल्या पावसाळ्यात, तो पुण्याहून लाकडी पाय आणि कुबडी घेऊन घरी आला. आई त्याला धरून रडली. तात्या खाटेवरून उठले, दोन पावलं आले आणि मधेच उभे राहिले. त्यांना पुढे येता येईना, मागेही जाता येईना. मी बघत राहिले. मला वाईट वाटलं नाही. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

पंधरा ऑगस्टला दत्तूचा सत्कार. तेच पटांगण, तेच हेडमास्तर. दत्तूला फेटा बांधला. बोलायला लावलं. भर दुपारी डोळा लागला तरी किंचाळून उठणारा माझा भाऊ, लाकडी पायावर तोल सावरत उभा राहिला आणि म्हणाला, "काही नाही हो. लढाई म्हणजे मर्दाची जत्रा असते. पाय गेला ते मला कळलंसुद्धा नाही." टाळ्या. कडकडून टाळ्या. तात्या पहिल्या रांगेत होते. आपलेच शब्द त्यांना परत मिळाले, नव्या गळ्यातून. त्यांना जी खोकल्याची उबळ आली ती थांबेना. ते उठले आणि पटांगणातून, सगळ्यांच्या देखत, वाकून वाकून खोकत घरी गेले.

त्यानंतर ते दत्तूजवळच बसायचे. दत्तूची खाट ओसरीवर, त्यांची शेजारी. दोघं काय बोलायचे कुणास ठाऊक, मी गेले की गप्प व्हायचे. विहीर आटली, टँकर सुरू झाला. त्याचं पाणी पावडरीचं. तात्या ते पीत नसत. दत्तू कुबडी टेकत टेकत मळ्यातल्या झऱ्यावरून तांब्याभर आणायचा, तो दोघांत पुरवायचे. गेल्या दिवाळीत मी गेले होते. निघताना तात्यांनी मला हाक मारली. "पोरी, त्या कवितेचं काय झालं? गवताच्या?"

"परीक्षा झाली," मी म्हटलं.

"एकडाव परत वाचतीस का? दत्तूला ऐकवाया."

माझी गाडी होती. म्हणजे गाडीला अजून तासभर होता. मी म्हटलं गाडी चुकेल, आणि पिशवी उचलली. पुस्तक त्याच पिशवीत होतं. ती आमची शेवटची भेट... नंतर कंडक्टरची चिठ्ठीच.

तेराव्याला मात्र मी आडाचं पाणी नेलं. कळशीला फडकं बांधून, गाडीभर लोकांच्या शिव्या खात, मांडीवर धरून नेलं. आता ते कुणासाठी, हे मलाही सांगता आलं नसतं. तात्यांची क्रिया दत्तूनं केली होती, तेव्हा दुखवट्याचा फेटा त्याला बांधायचा. मामा नवा कोरा फेटा घेऊन आले होते. ओसरीवर भावकी बसलेली. मामांनी घडी मोडली आणि दत्तूनं हात आडवा धरला. हुबेहूब तात्यांसारखा.

"नको, मामा."

"अरे, रीत असती. कोरडं डोकं कसं ठेवायचं?"

"तात्या बांधत नव्हते. मीही बांधणार नाही."

"तात्या का बांधत न्हवते ते तरी ठाऊक हाय का तुला?" मामा चिडले. दत्तूनं माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा कळलं की त्याला ठाऊक आहे. त्या दोन खाटांवर सगळं बोलून झालं होतं. मी तोंड उघडणार, तर माझी नजर दारात गेली. गंगूआजी बसली होती, भिंतीला टेकून. मी पुन्हा गिळलं. पुन्हा!

"गप ऱ्हाऊ नकं गं पोरी," गंगूआजीच म्हणाली. "मला ठाव हाय."

"लढाईवरनं आला तवा म्हैनाभर तापानं फनफनत हुता. काढा मीच द्यायची. तापात एकच धोशा, भिजव रं, भिजव रं, मूत त्याच्यावर. त्यांचं नाव घ्यायचा आन् रडायचा. समदं सांगितलं त्यानं तापात. शुद्धीवर आल्यावर मला म्हनला, गोळी लागली. मी म्हनलं, बरं."

"आजी," मी म्हटलं, "मग त्या दिवशी शाळेत..."

"मला वाटलं, त्याला तेवढंच बरं वाटतंय तर बोलू द्यावं. खरं मला ठाव हाय म्हनले असते तर माज्या दाराकडं परत फिरकला नसता कंदी. त्यो माज्यासाठी खोटं बोलला, मी त्याच्यासाठी ऐकलं." तिनं दत्तूच्या लाकडी पायाकडे बघितलं. "पोरगं मधी आलं. ते ध्येनातच आलं न्हाई आमच्या."

ज्या बाईला वाचवायला तात्यांनी मला दिलेला शब्द मोडला, तिला वाचवायची गरजच नव्हती. पन्नास-पंचावन्न वर्षं दोघं एकमेकांना जपत बसले, आणि माझ्या भावाचा पाय त्या जपण्यात गेला. मग कुणासाठी तात्या? कुणासाठी बोललात ते? विचारायला माणूस उरला नाही, आणि होता तेव्हा मला गाडी गाठायची होती.

गंगूआजी उठली. मामांच्या हातातला तो कोरा फेटा तिनं काढून घेतला. कुणाला काही कळायच्या आत माझ्या कळशीवरचं फडकं सोडलं आणि फेटा त्या पाण्यात बुचकळला. "अगं म्हातारे!" भावकीतलं कुणीतरी ओरडलं. डोईचं कापड, त्यात बाईमाणसानं, त्यात थेंब-थेंब पाण्याच्या दिवसांत! तिनं ऐकलं नाही. नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. फेटा पिळला, खुंटीवर तात्यांचा पंचा वाळून कडक झाला होता त्याच्या शेजारी टांगला, आणि म्हणाली,

"त्यांचा भिजवायचा ऱ्हायला हुता."

नंतर दत्तूच्या मागणीवरून मी ती कविता वाचली. मराठीत, गवतापासून शेवटपर्यंत. 'धुकं' आलं तिथे दत्तू आणि आजी दोघंही एकदमच म्हणाले, "धुकं न्हवं ते."

मी तात्यांना माफ केलेलं नाही. कुणी समजूत घालायला येऊ नका. शब्द दिला होता आणि मोडला, त्याला दुसरं नाव नाही. पण दर शनिवारी शाळा सुटली की मी आडाचं पाणी घेऊन गावी जाते. दत्तू रोज संध्याकाळी दोन्ही कापडं भिजवतो, पंचा आणि फेटा. तरी ओसरीवर चढले की चपला काढायच्या आधी मी खुंटीकडे जाते आणि हात लावून बघते, ओली आहेत ना.